शनिवारचं पान

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की पुढच्या आठवड्याचं एक पान मी शिक्षकांच्या हातात देते. फुलस्केपची एक बाजू, त्याहून जास्त नाही. आमची जिल्हा परिषदेची शाळा वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. पहिली ते सातवी. मुख्याध्यापिका मी आणि तिसरीचा वर्गही माझ्याकडेच, त्यामुळे पान लिहिताना मला वर्ग दिसत असतो.

हे पान सुरू केलं ते व्हॉट्सॲपमुळे. आसपासच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप वेगळा, तालुक्याचा वेगळा, पोषण आहाराचा वेगळा, क्रीडा स्पर्धांचा आणखी वेगळा. प्रत्येकावर "अतितातडीचे" आणि प्रत्येक माहिती आज चारपर्यंत हवी. यातला एकही मेसेज मी शिक्षकांना तसाच पुढे ढकलत नाही. आधी स्वतः वाचते. कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, एवढंच उतरवते. जे मी एकटी करू शकते ते पानावर येतच नाही. पाढे चालू असताना गुरुजींच्या खिशात फोन वाजत राहिला तर तो तास गेलाच समजा, आणि त्याचा दोष गुरुजींना देणं मला पटत नाही.

पानाचा वरचा भाग मुलांचा, खालचा कागदांचा. हा क्रम ठरलेला आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याचं पान इथे सविस्तर मांडते, कारण आमच्या भागात या आठवड्याइतका महत्त्वाचा आठवडा वर्षात दुसरा नाही. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. बीडकडच्या आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जतकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, ओढ्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि त्या कोप्यांत आमच्या पटावर नसलेली मुलं असतात.

म्हणून पानावर पहिलं हेच: कोप्यांवर जाऊन यायचं. दिवसा जाऊन उपयोग नाही, आईबाप उसाच्या फडात असतात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जायचं. टोळीच्या मुकादमानं "पाठवतो की" म्हटलं म्हणून परत फिरायचं नाही, मुलांच्या आईशी बोलायचं. आठ-नऊ वर्षांची मुलगी बहुतेक वेळा धाकट्याला सांभाळायला मागं ठेवलेली असते. तिला शाळेत पाठवा म्हणण्याआधी धाकट्याचं काय करायचं, हे आपण ठरवून गेलेलं बरं. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर न्यायचं. तीन वर्षांपुढचं मूल त्यांच्याकडे बसेल. त्याहून लहान असेल आणि थोरली बहीण त्याला काखेत घेऊनच वर्गात आली, तर तसंच बसू द्यायचं. वर्गात थोडी रडारड होईल, होऊ दे. ती घरी राहण्यापेक्षा ते बरं.

दाखला नाही, आधार नाही, जन्मतारीख नक्की सांगता येत नाही, या कारणांनी कुणालाही परत पाठवायचं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्यासाठी नाकारता येत नाही, आणि कलम 4 प्रमाणे मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसतं. कलमं पानावर मुद्दाम लिहिते. नवीन आलेल्या शिक्षकाला भीती असते, की उद्या तपासणीत विचारलं तर काय सांगू? हे सांगा. ज्या दिवशी मूल आलं, त्याच दिवशी हजेरीत नाव आणि त्याच दिवशी ताटात भात. स्वयंपाकाच्या मदतनीस ताईंना पटाचा नवा आकडा सकाळीच कळवायचा: पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला 150. आकडा उशिरा कळला की शेवटच्या ओळीला कमी पडतं, आणि शेवटच्या ओळीत नवीनच मुलं बसलेली असतात.

अभ्यास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न दरवर्षी येतो. बालभारतीचं पुस्तक बीडलाही तेच आणि इथंही तेच. मी पुस्तक मुलासमोर धरते. धड्याचं नाव सहसा सांगता येत नाही. गेल्या हंगामात माझ्याकडे आलेल्या मुलीनं पानं उलटत उलटत एका चित्रावर बोट टेकलं आणि म्हणाली, "हितवर झालंय, बाई." तिथून पुढे सुरुवात केली. पहिल्याच दिवशी चाचणी घेऊन तिला काय येत नाही ते मोजत बसायची गरज पडली नाही. गाव सोडताना तिकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कितवीत आणि काय शिकलंय याचा कागद, दिला असेल, तर तोही मागून बघायचा, पत्र्याच्या पेटीत तळाला असतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. उसाचे ट्रॅक्टर आता आपल्या फाटकासमोरून जायला लागलेत, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मुलं ऊस ओढायला पळतात. ड्रायव्हरला मागच्या ट्रॉलीच्या चाकाशी कोण आहे हे दिसत नाही आणि गाण्याच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. दोन ट्रॉल्यांच्या मधून आरपार जायची पैज लावणारी मुलं मी डोळ्यांनी पाहिलीत, आणि ते आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून पाच वाजता दोघांनी फाटकावर थांबायचं, एकानं शिट्टी घेऊन रस्त्याच्या पलीकडे. मळ्यातली मुलं रांगेनं आणि सगळ्यात शेवटी सोडायची. कारखान्याच्या गट ऑफिसला, शाळा सुटायच्या वेळी ट्रॅक्टर हळू न्या, असं पत्र दिलंय. मुलांना नुसतं "ओढू नका" म्हणून भागणार नाही, ऊस खायची इच्छा खरीच असते. एका पालकांनी शनिवारी मोळी द्यायचं कबूल केलंय. आनंददायी शनिवारात सगळ्यांनी मैदानावर बसून ऊस खायचा, चिपाडं मुलांनीच गोळा करायची.

लोहाची गोळी मंगळवारी. सोमवारी बाजार असतो, गैरहजेरी जास्त, म्हणून मंगळवार धरलाय. गुलाबी गोळी पाचवीपर्यंत, निळी सहावी-सातवीला. डबे एकाच कपाटात आहेत तेव्हा देण्याआधी रंग बघायचा. जेवणानंतरच द्यायची, रिकाम्या पोटी कधीच नाही. उपाशीपोटी गोळी गेली की मळमळतं, एक मूल उलटी करतं आणि पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग तोंड मिटून बसतो. ज्याला ताप आहे त्याला त्या दिवशी नको. शी काळी होईल, घाबरायचं कारण नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवायचं. नव्या मुलांच्या आयांना तर आवर्जून. परगावात मूल आजारी पडेल ही त्यांना सगळ्यात मोठी धास्ती असते.

7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस. भाषणं थोडक्यात. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, एवढं परिपाठात नीट सांगितलं तरी पुरे. त्याच दिवशी आपण नवीन मुलांची पूर्ण नावं सगळ्या शाळेसमोर वाचायची. नाव नीट विचारून घ्या. पिंकी, सोन्या, बाळ्या अशी कोपीवरची नावं हजेरीत लिहायची नाहीत.

खालचा भाग, कागदांचा. यू-डायस प्लसचं, म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर भरायचं, काम मी बघते. वर्गशिक्षकांनी नवीन मुलाचं नाव, आईचं नाव आणि आधीच्या शाळेचं गाव चिठ्ठीवर द्यायचं, बाकी मी शोधते. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरून मूल किती शिकलं त्याच्या, नोंदी शुक्रवारपर्यंत. पोषण आहाराच्या चव नोंदवहीत सही रोजची रोज व्हायला हवी. तक्रारपेटी मंगळवारी दोन शिक्षक आणि व्यवस्थापन समितीतल्या एक आई यांच्यासमोर उघडायची, पेटीखाली 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पुन्हा ठळक करायचा, पावसात पुसट झालाय.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा गुरुवारी. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. त्या बायका सध्या दिवसभर भांगलणीला असतात. दुपारी सभा लावली तर सह्या मिळतील, माणसं मिळणार नाहीत. म्हणून सभा संध्याकाळी साडेसहाला. कोप्यांवरच्या दोन आयांनाही बोलावलंय, त्या समितीत नसल्या तरी. इस्लामपूरहून (आताचं ईश्वरपूर) येणाऱ्या पहिलीच्या बाईंची शेवटची एसटी चुकायला नको, त्यामुळे त्यांच्या वर्गाचा विषय सगळ्यात आधी घेऊ.