यकृतातला दाब: दोन आकड्यांची वजाबाकी

द्राक्षबागेला ड्रिप असेल तर फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक गेज असतं. निफाड-दिंडोरीकडच्या कुणाही बागायतदाराला विचारा, एकट्या गेजवरून काही कळत नाही. दोन्हींतला फरक वाढला की समजायचं, फिल्टर चोंदला. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होतं तेव्हा, त्याचं हेच होतं. पण आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये थेट सुई घालणं जोखमीचं, म्हणून दोन्ही आकडे लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या हिपॅटिक व्हेनमधूनच घेतात.

मानेतल्या उजव्या शिरेत सोनोग्राफीत बघत सुई घालतात आणि तिथून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, बलून कॅथेटर (टोकाला फुगा असलेली बारीक नळी) खाली उतरवतात. हिपॅटिक व्हेनच्या तोंडापासून 2 ते 4 सेंमी आत, बलून न फुगवता मोकळा दाब मोजायचा. मग बलून फुगवून शीर बंद करायची. प्रवाह थांबला की मागचा दाब त्या साचलेल्या रक्तातून कॅथेटरपर्यंत पोचतो. पडद्यावरची दाबाची रेघ स्थिर व्हायला निदान मिनिटभर थांबा, घाई करू नका. प्रत्येक आकडा तीनदा घ्यायचा.

सगळा खेळ शीर पुरती बंद होण्यावर आहे. थोडा डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सावकाश सोडून बघायलाच हवा. तो बलूनच्या कडेने निसटला किंवा शेजारच्या शिरेत उतरला, तर दाब गळतोय आणि आकडा खोटा कमी येणार.

दुसरी चूक ट्रान्सड्युसरची, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरची. तो काखेच्या मध्यरेषेवर, हृदयाच्या पातळीत ठेवून झिरो करतात. झिरो थोडा चुकला तरी वजाबाकीत निघून जातो, पण दोन मोजमापांच्या मध्ये टेबल वर-खाली केलं तर नाही. 13.6 सेंमी पाणी म्हणजे 10 मिमी पारा. म्हणजे टेबल जेमतेम 7 सेंमी हललं की 5 मिमीचा घोळ! नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रेघच बोथट होते. गाढ भूलही टाळावी, तिने दाब बदलतो.

बंद शिरेतल्या दाबातून मोकळा दाब वजा करायचा. हा फरक 1 ते 5 मिमी म्हणजे नॉर्मल. 10 च्या पुढे अन्ननलिकेतल्या शिरा फुगू लागतात, पोटात पाणी होऊ शकतं; 12 पासून त्या शिरा फुटून रक्तस्रावाची भीती.

आणि हे विसरू नका: पोर्टल व्हेनमध्येच गुठळी असेल तर अडथळा आपल्या मोजमापाच्या अलीकडे राहतो. प्लीहा मोठी, शिरा फुगलेल्या, तरी फरक जवळपास नॉर्मल येऊ शकतो. म्हणून रिपोर्टवर नुसता फरक लिहू नये. दोन्ही दाब आणि ट्रेसिंगचा कागद सोबत जोडावा.