मोपाला विमान पकडायचंय? मग जेवून घ्या बांद्यातच

कुडाळहून बंगळुरूला भावाकडे जायचं होतं, मी, माझी आई आणि माझा लेक. दिवस मृगाच्या तोंडावरचे, म्हणजे पाऊस कधीही येईल असे. विमान मोपावरून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, दुपारी पावणेदोनचं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ खरं तर आम्हाला जवळ, पण तिथली विमानं कधी असतात कधी नसतात, त्यामुळे आमच्याकडची बरीच माणसं आता सरळ मोपाच धरतात. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं तेव्हापासून सावंतवाडी-बांदा-दोडामार्गवाल्यांची दाबोळीच्या, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाची वारी तर वाचलीच.

एअरपोर्टवर खाणं महाग असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण पैसे नेमके कुठे जातात ते बघा. भुकेमुळे कमी जातात, वाट बघण्यामुळे जास्त जातात. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो म्हणून माणूस दोन तास आधी पोचतो, सिक्युरिटी वीस मिनिटांत होते आणि मग समोर दीड तास नुसता बसायचा, समोर वडे-सँडविचचे फोटो लावलेले काउंटर, बाजूला पोरगं 'मला ते पाहिजे'. त्यात फ्लाइट दुपारी एक ते तीनमधली असली की जेवणाची वेळ बरोबर आतच गाठते. म्हणून तिकीट काढतानाच वेळ बघा. तिकिटात दोन-तीनशे वाचवून तिघांचं जेवण आत करावं लागलं तर हिशोब उलटाच होतो.

आम्ही काय केलं ते सांगते. घरातून साडेनऊला निघालो, सकाळी फक्त चहा-बिस्किट. हायवे आता चांगला आहे, झारापच्या पुढे सावंतवाडी शहरात शिरावंच लागत नाही, थेट बांदा. तिथे हायवेवर न थांबता बाजारात आत वळलो. हायवेच्या कडेची हॉटेलं टुरिस्टांसाठी असतात, बाजारातली बाजारकरूंसाठी, भावात फरक पडतोच. घावणे-चटणी, उसळ-पाव आणि आईला तिच्या हट्टाप्रमाणे भजी. सकाळी साडेदहाला जेवण कसं जाणार असं कोणी म्हणेल, पण आमच्याकडे दहा-साडेदहाला पेज घ्यायची पद्धत आहेच की, त्यामुळे आईला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. ज्यांना जमत असेल त्यांनी तेव्हाच पोटभर खाऊन घ्यावं, हलकंफुलकं नाही. हलकंफुलकं खाल्लं की एक वाजता पुन्हा भूक लागते आणि मग आपण आत सापडतो.

बांद्यात नाही थांबलात तरी हरकत नाही. पत्रादेवीची हद्द ओलांडली (तिथे गोवा सत्याग्रहींचं हुतात्मा स्मारक आहे, १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचं, वेळ असेल तर पोराबाळांना जरूर दाखवा) की पेडणे-धारगळ पट्ट्यात गोव्याची भाजी-पाववाली छोटी हॉटेलं लागतात. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा मिक्स सांगायची, सोबत पाव आणि एक मिरची भजी. अळसांद्याचं टोणक (चवळीची रस्सेदार उसळ) मिळालं तर सोडू नका. अशा हॉटेलात तिघांचं पोट जेवढ्यात भरतं तेवढ्यात आत एकाचंही भरेल याची खात्री नाही. धारगळला लिंक रोडला वळलात की मात्र थेट टर्मिनल, मध्ये थांबायला काही नाही. तेव्हा त्या वळणाच्या आधीच काय ते करून घ्या.

आता सोबत काय न्यायचं. देशांतर्गत विमानात घरचा डबा चालतो, कोणी अडवत नाही. मी वडे नेले होते, आपले कोंबडीबरोबरचे मालवणी वडे, कारण ते गार झाले तरी चांगले लागतात आणि दोन दिवस टिकतात. सोबत सुकी लसणीची चटणी, केळी, खाजं आणि आंबापोळी. ओल्या खोबऱ्याची चटणी नेऊ नका, जूनच्या उकाड्यात लवकर आंबते. पातळ काहीच नको, सोलकढी तर नकोच, सांडली तर आपलीच बॅग गुलाबी. स्टीलचा डबा असेल तर एक्स-रेमध्ये आतलं नीट दिसत नाही म्हणून उघडायला सांगू शकतात, आणि मागे लाइन असताना डब्याचं झाकण निघत नाही ही मजा नको. प्लॅस्टिकचा पातळ डबा किंवा सरळ केळीच्या पानात बांधून वर फॉइल. केबिन बॅगेला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा असते, डबा त्यातच धरतात.

सामानात काय घालायचं यावर आईशी घरी मोठी वादावादी झाली. तिला भावासाठी नारळ न्यायचे होते. केबिन बॅगेत नारळ चालत नाही, आणि सुकं खोबरं तर चेक-इनला दिलेल्या बॅगेतही नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून. मालवणी मसाला आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको, चेक-इनला टाका, नीट दोन पिशव्यांत बांधून. आंब्यांचा बॉक्स चेक-इनला जातो. पिकलेला फणस आणि सुकी मासळी मात्र आधी एअरलाइनला विचारल्याशिवाय उचलू नका, वासाचा प्रश्न येतो. आंबा कापायची सुरी हातातल्या बॅगेत राहिली तर ती जाणारच, आधी बघून घ्या.

पाण्याचं सोपं आहे. रिकामी बाटली घेऊन जा, सिक्युरिटीनंतर आत प्यायच्या पाण्याचे नळ किंवा कूलर असतात, बहुतेक टॉयलेटच्या बाजूच्या भिंतीला, तिथे भरा. फुकट. एवढं एक केलं तरी कुटुंबामागे चांगले पैसे वाचतात.

आणि ज्यांना काही विकत घ्यायचंच आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. सीलबंद वस्तू, म्हणजे पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, चिप्स, यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, एअरपोर्ट असो की एसटी स्टँड. पूर्वी एअरपोर्टसाठी त्याच बाटलीवर वेगळी, जास्त एमआरपी छापायचे, पण १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला बंदी आहे. कोणी जास्त मागितले तर बिल घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. तिथेच बनवून दिलेल्या चहा-सँडविचला मात्र एमआरपी नसते, तिथे दुकानदार सांगेल तो भाव. थोडक्यात आत भूक लागली तर पाकीटबंद घ्या, प्लेटमधलं नको.

सरकारने २०२४ च्या डिसेंबरात कोलकाता एअरपोर्टवर उडान यात्री कॅफे काढला, दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाणी, वीस रुपयांत समोसा. नंतर चेन्नई, अहमदाबाद असा तो पुढे गेला. पुढे प्रवास असेल तिथे आहे का ते आधी बघून ठेवा, असेल तर अर्धी काळजीच मिटली.

आम्ही आत पोचलो पावणेबाराला. आईने एका स्टॉलवर चहाचा भाव विचारला आणि मोठ्यानेच म्हणाली, "चायेक येवडे पैसे? कप सोन्याचो देतत काय गे?" मागचे दोघे मालवणी निघाले, हसले. तिथून गप्पा सुरू, ते वेंगुर्ल्याचे, हैदराबादला निघालेले, त्यांच्याकडे शेंगदाण्याचे लाडू होते, आमच्याकडे खाजं, अदलाबदल झाली.

मग पाऊस आला. बोर्डवर आमचं विमान आधी पाऊण तास लेट, मग दोन तासांच्या वर. इथे बऱ्याच लोकांना माहीत नसलेली गोष्ट सांगते. डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम आहे, तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल आणि अडीच तासांपर्यंतची फ्लाइट दोन तास किंवा जास्त लेट असेल तर एअरलाइनने खायला-प्यायला द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांची फ्लाइट असेल तर हीच मर्यादा तीन तास. बंगळुरू सव्वा-दीड तासाचं, म्हणजे आम्ही दोन तासांत बसलो. पण स्वतःहून येऊन कोणी हातात देईलच असं नाही, गेटवरच्या स्टाफला जाऊन शांतपणे विचारायचं. मी विचारलं, दहा मिनिटांनी सँडविच आणि ज्यूसचे बॉक्स आले, गेटवरच्या सगळ्यांना मिळाले. तोपर्यंत आमचे वडे संपले होते, त्यामुळे लेकाला ते सँडविच फार आवडलं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी डबा एका वेळेचा नाही, दीड वेळेचा न्यावा.

लाउंजबद्दल सगळे विचारतात. काही रुपे डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर दोन रुपये किंवा तसलंच काहीतरी कापून लाउंजमध्ये पोटभर जेवता येतं, पण आता बऱ्याच बँकांनी आधी तिमाहीत अमुक इतका खर्च करा अशी अट घातली आहे. घरूनच बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून या. शिवाय एका कार्डावर एकच माणूस. माझ्या कार्डावर मी आत आणि आई बाहेर, हे मला काही जमण्यासारखं नव्हतं. एकटे जाणाऱ्यांना उत्तम.

विमानातही विकत खाणं मिळतं. घ्यायचंच असेल तर तिकीट काढतानाच बुक करा, वर गेल्यावरपेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि हवं ते संपलेलं नसतं. सव्वा तासाच्या प्रवासाला मला तरी त्याची गरज वाटत नाही, लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी. तान्ह्या बाळाचं दूध-खाणं न्यायला अडचण येत नाही, फक्त सिक्युरिटीला बॅगेतून काढून दाखवा.

येतानाचं थोडक्यात. भावाकडून निघताना वहिनीने इडल्या आणि चटणीपूड बांधून दिली, त्यामुळे तिकडच्या एअरपोर्टवर खर्च शून्य. पण आम्ही मोपाला उतरलो रात्री साडेदहाला आणि त्या वेळी बांद्यापर्यंत रस्त्यात बहुतेक सगळं बंद. रात्रीच्या फ्लाइटने येणाऱ्यांनी गाडीवाल्याला आधीच फोन करून ठेवा, आमच्या गाडीवाल्याने बांद्यातून उसळ-पाव पार्सल आणून ठेवला होता, त्याचे पैसे भाड्यातच धरले.