पोह्यांपुरती गाडी

इंदूरमध्ये सकाळी पोहे-जलेबीसाठी घराबाहेर पडणे हे नित्यकर्मच समजले जाते आणि त्यात कोणी सुधारणा सुचवावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. प्रश्न आहे तो तेथवर जाण्याचा. रामबागेतून राजवाडा चालण्याच्या टप्प्यात असूनही आमच्या मराठी वस्तीतील अनेक घरांतून त्यासाठी मोटार निघते.

हवा बिघडते ती लांबच्या प्रवासाने, असे आपण गृहीत धरतो. पण किलोमीटरमागे हिशेब मांडला, तर असे आखूड फेरेच अधिक घाणेरडे ठरतात. रात्रभर थंड पडलेले इंजिन पहिली काही मिनिटे जास्त पेट्रोल ओढते, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन निकामी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. तो तापून कामाला लागतो न लागतो तोच आपण गाडी लावायला जागा शोधू लागलेलो असतो. शिवाय सत्तर किलोच्या माणसासाठी आठ-नऊशे किलो लोखंड हलवायचे आणि जळणाऱ्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तोही अंगावर शेव आणि जिरावण हा मसाला पडलेल्या एका बशीसाठी! विजेच्या गाडीत धूर नाही, थंड इंजिनाची भानगडही नाही. ओझे मात्र तेवढेच, किंबहुना बॅटरीमुळे थोडे अधिकच.

गंमत अशी, की पोह्यांवर पिळलेल्या लिंबाची साल आम्ही न चुकता ओल्या कचऱ्यात टाकतो. त्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस तयार होतो आणि त्यावर शहराच्या बसगाड्या धावतात. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. एवढी शिस्त अंगी बाणवलेले शहर कोपऱ्यापर्यंत चालत का जात नाही, याचे मला खरेच नवल वाटते.

आमच्याकडील चर्चा मात्र नेहमी मोठ्या योजनांची असते. २०१३ मध्ये ए. बी. रोडवर बससाठी स्वतंत्र मार्गिका झाली, २०२५ मध्ये ती काढण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी सुपर कॉरिडॉरवर मेट्रो धावू लागली. लांबच्या प्रवासासाठी बस आणि मेट्रो हव्यातच; पण पोह्यांच्या फेऱ्याला हवा असतो तो सलग पदपथ, ज्यावर दुकानाचा माल आणि उभ्या केलेल्या स्कूटर नसतील. त्याला खर्च फारसा नाही आणि उद्घाटनाची शोभाही नाही. तो मागे पडण्याचे कारण, मला वाटते, हेच असावे.

आमच्या काकांना मी हे सारे ऐकवले. चालत आणलेले पोहे निवतात, असे त्यांचे म्हणणे. तेथेच उभ्याने खावेत, ही सूचना त्यांनी स्वतःपुरती मान्य केली. पण काकूंसाठी पुडा बांधून आणावाच लागतो आणि तो गरमच लागतो.