वीस प्रश्नांत महादजी

व्हिडिओ कॉलवर पाच-सहा जणांत रंगणारा हा खेळ. एकानं ऐतिहासिक व्यक्ती मनात धरायची, बाकीच्यांनी आळीपाळीनं हो-नाहीचे वीस प्रश्न विचारायचे. नाव धरणाऱ्यानं ते आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावं, म्हणजे मध्येच बदलल्याचा संशय राहत नाही. प्रश्न चॅटमध्ये टाइप करावेत. आवाज मागेपुढे पोहोचतो आणि दोघं एकदम बोलले की मोजणी चुकते.

प्रत्येक प्रश्नानं उरलेली नावं निम्मी व्हायला हवीत. तसं जमलं तर हजार नावांना दहाच प्रश्न पुरतात. पहिल्याच फटक्यात ‘शिवाजी महाराज का?’ विचारणं म्हणजे एक प्रश्न वाया.

मराठीत एक खास अडचण आहे. ‘हो, होता’ म्हटलं की पुरुष आहे हे फुटलंच. म्हणून विचारताना ‘ती व्यक्ती’ म्हणावं आणि उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’.

खरी भांडणं होतात ती ढिसाळ प्रश्नांवरून. ‘पुण्याची व्यक्ती का?’ यावर टिळकांसाठी काय सांगणार? जन्म रत्नागिरीचा, निधन मुंबईत, काम पुण्यात. जन्म, मृत्यू, काम असं वेगवेगळं विचारावं. ‘पेशवाईतली का?’ हाही तसाच. दुसऱ्या बाजीरावाचं राज्य १८१८ मध्ये गेलं, पण तो बिठूरला १८५१ पर्यंत जगला. ‘मृत्यू १८१८ च्या आधी का?’ याला एकच उत्तर येतं.

समजा, महादजी शिंदे धरलेत. १८१८ आधी मृत्यू? हो. स्त्री? नाही. छत्रपती किंवा पेशवा? नाही. १७६१ मध्ये पानिपतावर हजर? हो. तिथेच मृत्यू? नाही. इथे नाना फडणवीसही उरतात, मल्हारराव होळकरही. ‘मृत्यू १७७० नंतर?’ याला हो आलं की मल्हारराव गळतात, कारण ते १७६६ मध्ये गेले. आता ‘मृत्यू पुण्यात का?’ विचारलंत तर वाद ठरलेला. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले, आणि वानवडी तेव्हा पुण्याबाहेरचं गाव होतं. त्यापेक्षा ‘स्वतः फौज घेऊन मोहिमा केल्या का?’ हे विचारा. नाना कारभारी, महादजी सेनानी. सातव्या प्रश्नाला निकाल. आजची हद्द धरायची की तेव्हाची, हे मात्र डाव सुरू होण्याआधीच ठरवून टाका.

शेवटचं उत्तर पूर्ण ओळखीसह द्यावं. नुसतं ‘नानासाहेब’ म्हटलं तर पेशवे की १८५७ चे? आनंदीबाई म्हणजे राघोबादादांच्या पत्नी की डॉक्टर? नवख्यांसाठी डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव उत्तम. जन्म कल्याणचा, पदवी १८८६ मध्ये अमेरिकेतली, मृत्यू १८८७ मध्ये पुण्यात. कुणी ‘तिशी ओलांडली होती का?’ विचारलं आणि ‘नाही’ आलं, की नावं झपाट्यानं गळतात.