पाचवा उद्गार

डायलिसिसला सणवार नसतात. ज्याचे वार सोम-बुध-शुक्र ठरले, त्याला दिवाळीतही यावं लागतं आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेलाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सिस्टर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये नगरला आले, तेव्हापासून इथे ख्रिस्ती वस्ती वाढत गेली. उशाशी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवणारे पेशंट आमच्या वॉर्डाला नवे नाहीत. त्या उत्तम शुक्रवारी बारा ते तीन चर्चमधून येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होती आणि माझी दुपारची ड्यूटी.

खिडकीजवळच्या बेडवर मास्तर होते. निवृत्त शिक्षक, आपल्या चर्चच्या मंडळीत शास्त्रपाठ करणारे. मशीन लावून घेताना म्हणाले, "सिस्टर, देवळात जाता येत नाही, तर सातही उद्गार आज इथेच वाचतो. हळू वाचीन, कुणाला त्रास नको." डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. शास्त्र पोटावर टेकवून उजव्या हाताच्या अंगठ्याने ते पानं उलटत होते.

त्यांचा पहिला उद्गार चालू असतानाच कॅज्युअल्टीतून एका पोराला व्हीलचेअरवर आणलं. तेवीस वर्षांचा, आमचाच पेशंट. सोमवारी आला नव्हता, बुधवारीही नाही. बसल्या जागी धापा टाकत होता, पाय टम्म सुजलेले, वजन नेहमीच्या ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, सहा किलो जास्त, रक्तातलं पोटॅशियम 7.1, हृदयाला धोका होईल इतकं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, याला आधी घ्या. ऑक्सिजन लावला, बेडची डोक्याकडची बाजू उचलली, फिस्टुलावर, म्हणजे सुया घालण्यासाठी हातात ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून थरथर तपासली आणि सुया घातल्या. मास्तरांच्या शेजारचाच बेड रिकामा होता.

त्याची आई दाराशी रडत होती. कुठल्याशा प्रार्थना सभेत कुणी तरी पोराला सांगितलं होतं, "मशीनवर भरवसा ठेवतोस म्हणजे प्रभूवर तुझा विश्वास नाही. मशीन सोड, बरा होशील." ते ऐकून पोरगं आठवडाभर घरी बसलं. बरं वाटेना, तेव्हा त्याची खात्रीच पटली की आपलाच विश्वास खोटा. हे लिहितानाही मला संताप येतो. मी प्रार्थना केल्याशिवाय ड्यूटीवर येत नाही. प्रार्थनेने माणूस सावरतो हे मी पाहिलेलं आहे. पण आधीच मोडलेल्या जिवावर 'तुझा विश्वास कमी' हे ओझं प्रभूच्या नावाने लादायचं, याला शास्त्रात कुठेही आधार नाही.

दीडेक तासाने त्याचा श्वास जरा बसला. पहिला शब्द निघाला तो, "सिस्टर, पाणी."

डायलिसिसच्या पेशंटची तहान बाहेरच्या माणसाला कळत नाही. लघवी जवळजवळ बंद झालेली असते. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. एप्रिलच्या उन्हात ओठ चिकटतात, जीभ लाकडासारखी होते. शहाळं नाही, मोसंबी नाही, त्यांत पोटॅशियम. आणि मशीनवरच्या चार तासांत त्याच्या रक्ताच्या पलीकडून, गाळणीच्या पडद्याआडून, सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी वाहून जातं. त्यातला घोटही त्याचा नसतो.

मी बर्फाचा एक खडा आणला. तेवढ्यात मास्तर पाचव्या उद्गारावर आले. "मला तहान लागली आहे."

पोराने मान वळवली. "कोण म्हणालं?"

"येशू. वधस्तंभावर."

"मग दिलं का कुणी पाणी?"

"आंब दिली, म्हणजे आंबट द्राक्षारस. स्पंज तिच्यात बुडवून, एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर बसवून तोंडाला लावला."

तो बर्फ चघळत राहिला. मग म्हणाला, "देवाचा पुत्र ना तो? त्याला पाणी काढता आलं नसतं?"

"आलं असतं. नाही काढलं." मास्तर थोडे थांबले. "बाळा, त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणशील का तू?"

पोरगं उशीत तोंड खुपसून हमसून रडलं. सुयांचा हात हलू नये म्हणून मी तो धरून उभी राहिले.

लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेत जायचे तेव्हापासून मी सात उद्गार ऐकत आले आहे. पाचव्यावर बोलणारे बहुतेक जण ती तहान आत्म्यांच्या तारणाची होती असं सांगून पुढे जातात. असेलही. पण त्या वॉर्डात मला ती कोरड्या घशाची तहान म्हणूनच ऐकू आली आणि प्रभू त्या पोराच्या इतका जवळ आला की कुठल्याही स्पष्टीकरणाची गरज उरली नाही. स्तोत्र 22 मध्येही जीभ टाळूला चिकटल्याचं लिहिलं आहे. चौथा उद्गार, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', त्याच स्तोत्राची पहिली ओळ. दुःखात देवाला असा जाब विचारणं हा अविश्वास असता, तर ते शब्द प्रभूच्या तोंडी आले नसते.

मास्तर पुढे त्याच्याशी बराच वेळ बोलले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा देवाने त्याची प्रार्थना ऐकली, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावलीच. "औषध आणि प्रार्थना यांत भांडण कुणी लावलं, ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले, "शास्त्राने तर नाही लावलं." पोराने विचारलं, "मग मलाच का?" मास्तरांनी सरळ सांगितलं की याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. शास्त्रातल्या, दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबालाही कारण मिळालं नाही, देव मात्र भेटला.

एका बैठकीत सहा लिटर काढता येत नाही, बीपी कोसळतं. साडेतीन काढले आणि डॉक्टरांनी शनिवारी पुन्हा बोलावलं. आईने भीत भीत विचारलं, "येशील ना रे?" तो म्हणाला, "येतो. सकाळची गाडी धरू."

आता तो सोम-बुध-शुक्र चुकवत नाही आणि मास्तरांच्या शेजारचाच बेड मागून घेतो. सध्या ईयोबाचं पुस्तक वाचतो आहे आणि दुःखाचा दोष ईयोबालाच देणाऱ्या त्याच्या मित्रांवर फार चिडतो. आईची किडनी देण्यासाठी तपासण्या सुरू आहेत. रक्तगट जुळला आहे, बाकीचे रिपोर्ट यायचे आहेत.