पाणवठा सोडला आणि मेंढ्या दिसल्या

दिसल्या! कॅलिफोर्नियातल्या बोरेगो पाम कॅन्यनच्या चौथ्या फेरीत, ७ बिगहॉर्न रानमेंढ्या आणि एक तरणा एडका. दोन दिवस झाले, अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आधीच्या तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या. ताज्या लेंड्या, ओल्या वाळूत खुरांचे ठसे, आणि बिगहॉर्न एकही नाही. चूक आता कळली. अँझा-बोरेगो या इथल्या वाळवंटी उद्यानात मेंढ्यांची गणना होते ती जुलैत, पाण्याजवळ बसून. तीच रीत मी जानेवारीत चालवत होते. हिवाळ्यात पाऊस झाला की कोवळ्या पाल्यातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळतं, रोज झऱ्यावर उतरावं लागत नाही, कळप पांगतात. मी खाली पामच्या बनात गारठत बसायचे आणि त्या वर ऊन खात असायच्या.

म्हणून या वेळी २०२० च्या आगीत होरपळलेल्या त्या बनाच्या बरंच अलीकडे, घळीच्या सावलीतल्या अंगाला बसले. समोरचा उन्हातला उतार ८x४२ दुर्बिणीने पट्ट्यापट्ट्याने चाळला. दीड तास काही नाही. मग खडा घरंगळल्याचा आवाज आला आणि एक पांढरा ‘दगड’ चालू लागला. अख्खी मेंढी शोधू नका, तिचा रंग खडकाचाच असतो. पार्श्वभागाचा पांढरा डाग शोधा.

ट्रायपॉडवर स्कोप (लांबचं पाहायची मोठी दुर्बीण) लावला तर वाऱ्याने सगळं थरथरतंय. हलका कार्बन ट्रायपॉड घळीत कामाचा नाही, हे माझं ठाम मत. ट्रायपॉडच्या मधोमध सॅक टांगली तेव्हा कुठे चित्र स्थिरावलं. खडक तापल्यावर ६०x मध्ये नुसती हवाच लहरत होती. ३०x वर आणलं आणि मोठी मेंढी स्वच्छ दिसली. बॅरल कॅक्टसला आधी शिंग, मग खूर. साल फाटली, आतला ओला गर चमकला आणि तिने तोंड खुपसलं. तिचं पाणी तिथेच होतं!

परतताना मिसलटो या बांडगुळाच्या गुच्छावर फेनोपेप्ला पक्ष्याचा नर, तुरा उभारलेला. कॅन्यन रेन पक्ष्याची उतरती शीळ दिवसभर होतीच.

फेब्रुवारीत त्याच उतारावर चढायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता बेत बदलतेय. ते कोकरांचे दिवस; माणूस दिसला की मेंढ्या पिल्लांसह आणखी अवघड कड्यांवर सरकतात, आणि ही पेनिन्सुलर बिगहॉर्न १९९८ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. तेव्हा चढाई रद्द. सावलीतला तोच खडक, उजाडायच्या आत, आणि खांद्यावर जुना जड ट्रायपॉड.