स्तनातला गाठाळपणा ओळखताना

स्तन आतून एकसारखा मऊ नसतोच. दुधाच्या ग्रंथींचे १५ ते २० भाग, मधली चरबी आणि धरून ठेवणारे तंतू असं सगळं बोटांखाली येतं. कापडी पिशवीत मणी भरून वरून चाचपावेत, तसं लागतं. काखेकडच्या वरच्या भागात ग्रंथी जास्त, म्हणून तिथे गाठाळपणाही जास्त. खालच्या कडेला, ब्राची पट्टी बसते तिथे, एक आडवी घट्ट कड लागते. दोन्हीकडे सारखी असेल तर ती शरीराची ठेवणच.

मी पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात तपासते. पाळीआधीच्या आठवड्यात ग्रंथी फुगतात, स्तन जड होतात, नसत्या गाठी लागतात आणि जीव घाबरतो. पाळी कायमची थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवावी.

उजवी बाजू तपासताना उजव्या खांद्याखाली उशी घेऊन उताणं पडायचं, उजवा हात डोक्यामागे न्यायचा. स्तन छातीवर पसरतो. मग डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांची सपाट पेरं वापरायची. चिमटीत धरून पाहू नका. तसं धरलं की कुणाच्याही स्तनात गाठ सापडते! छोटी वर्तुळं काढत प्रत्येक जागी तीन दाब द्यायचे: हलका, मध्यम आणि बरगडी जाणवेल इतका. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्यांत, वर गळ्याजवळच्या हाडापर्यंत जायचं. नोंद मी घड्याळाच्या काट्यांनुसार ठेवते: ‘उजवीकडे १० वाजता, बोंडापासून दोन बोटं’. पुढच्या महिन्यात आठवणीवर विसंबावं लागत नाही.

शोधायचा असतो तो बदल. आजूबाजूपेक्षा वेगळी, एकाच बाजूला लागणारी आणि पुढची पाळी होऊन गेल्यावरही तशीच राहिलेली गाठ डॉक्टरांना दाखवायचीच. रबरासारखी, सरकणारी गाठ बहुधा साधी निघते. कडक, खडबडीत, चिकटून बसलेली जास्त संशयास्पद. पण नुसत्या हाताने निदान होत नाही, आणि ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे तर मुळीच खरं नाही. कातडीला खळी पडली, ती संत्र्याच्या सालीसारखी किंवा लाल झाली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा काखेत गाठ आली, तर पाळीची वाट पाहू नका.

डॉक्टर हाताने तपासतात, मग सोनोग्राफी. चाळिशीनंतर सोबत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रेही. गरज पडली तर सुईने तुकडा काढून बायोप्सी. मॅमोग्राफीच्या दिवशी पावडर, डिओडरंट लावू नये, त्याचे कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन दिसतात. दाट, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त असलेल्या स्तनांत गाठ मॅमोग्राफीत लपू शकते. म्हणून हाताला गाठ लागते आहे आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, तर तिथे थांबू नका, सोनोग्राफीचा आग्रह धरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (अंतिम निष्कर्ष २००२) स्वतः तपासायला शिकवल्याने मृत्यू घटले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून वयानुसार सांगितलेली मॅमोग्राफी या तपासणीच्या भरवशावर टाळू नये. रिपोर्टमध्ये ‘बायरॅड्स ३’ (बायरॅड्स म्हणजे संशय किती ते सांगणारी क्रमांकांची श्रेणी) असेल तर गाठ साधी असण्याचीच शक्यता फार मोठी असते, तरी सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरलेली. ती तारीख रिपोर्ट हातात पडताच लिहून ठेवा, आणि जाताना जुन्या फिल्म सोबत न्या.